आधी भिंत, मग घर

गुरुजी,

तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली आणि मी आता आरमोरीजवळ राहायला आलो आहे. दिल्लीतली तीस वर्षं आणि भाड्याची अकरा घरं मागे टाकून तुमचा वक्तृत्वाचा विद्यार्थी शेवटी स्वतःच्या जमिनीवर उभा आहे. तिकडे जेवढ्यात एक मोटार उभी करण्याची जागा मिळाली असती, तेवढ्यात इथे घर, अंगण, एक मोहाचं झाड आणि त्यावर दिवसभर भांडणारे पोपट, एवढं सगळं मिळालं. बायको म्हणते, पोपटांची आणि माझी सवय एकच आहे, म्हणून तिला इथे परकं वाटलं नाही.

घुग्घुसची तुमची खोली मला अजून दिसते. तुम्ही स्टोव्हवर वांग्याची भाजी परतता आहात, खिडकीच्या फळीवर सकाळी पुसलेली कोळशाची धूळ दुपारी पुन्हा बसली आहे आणि मी दारात उभा राहून ‘निवारा’ या विषयावरचं भाषण म्हणतो आहे. बाहेरून ट्रक जातो. तुम्ही उलथनं वर धरता. ‘थांब. ट्रकले जाऊ दे, मंग बोल.’ पुढे दिल्लीत लोक माझ्या भाषणातल्या त्या थांबण्याची वाखाणणी करत. त्यांना वाटे, हा विचार करतो आहे. मी ट्रक जाऊ देत असे. त्याच दुपारी नळ आला. तुम्ही बादल्या भरून आतबाहेर करत होतात आणि मी तुमच्या मागे मागे श्रमाच्या थोरवीवर बोलत होतो. चौथ्या खेपेला तुम्ही बादली माझ्या पायाशी ठेवलीत. ‘तोंडाचे श्रम लय झाले. हे उचल.’

मी दिल्लीला निघालो तेव्हा तुम्ही मला एक पितळी कुलूप दिलंत. ‘घर भाड्याचं चालते, कुलूप आपलं पाहिजे.’ ते अकरा दारांना लागलं. त्या दारांतून बाहेर पडून मी गल्लोगल्ली, फाटकाफाटकांवर बोललो, आणि आजही तेच बोलेन. माणसाला छप्पर मागावं लागतं, यात अपमान मागणाऱ्याचा नाही, मागायला लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे. ज्या शहरात इमारत बांधणाऱ्यालाच राहायला जागा नसते, त्या शहराने आपल्या उंचीचा तोरा मिरवू नये. टाळ्या पडत. मग घरमालक म्हणे, खाली करा, आणि मी टेम्पो शोधायला निघे.

असा माणूस जमिनीचा मालक झाल्यावर पहिलं काम काय करील? त्याने भिंत बांधली, गुरुजी. घर नव्हे, भिंत. चारी बाजूंनी, कमरेपेक्षा उंच. बायको म्हणाली, आधी स्वयंपाकघराचं पाहू. मी म्हटलं, आधी आपलं काय ते दिसलं पाहिजे. अकरा घरांत मला आपलं असं काही दिसलंच नव्हतं.

आमचा तुकडा धानाच्या बांधींच्या, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरांच्या, मधोमध आहे. इथे तलावाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत, धुऱ्यातल्या, म्हणजे मधल्या बांधातल्या, खाचेतून उतरत जातं. सातबाऱ्यावर ही वाट कुठेच लिहिलेली नाही. सगळ्यांना ती ठाऊक असते, म्हणून कुणी लिहीत नाही. धान पोटरीत आला, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, आणि पावसाने दडी मारली. तलावाचं गेट उघडलं. पाणी वरून आलं, माझ्या भिंतीशी पोचलं आणि तिथेच साचलं. भिंतीपलीकडे एका बाईंच्या दोन बांधी. वर्षभराचा तांदूळ त्यांचा तोच.

त्या आल्या तेव्हा मी खुर्ची टाकून पेपर वाचत होतो.

‘भाऊ, आमची पाण्याची पाळी आजच्याच दिवसाची हाये. सांजच्याले गेट बंद होते.’

मी उठलो आणि मालकी, मोजणी, नकाशा यांवर बोलू लागलो. आवाज आपोआप चढला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

‘कागद तुमचाच हाये न भाऊ. कोण नाई म्हणते? पण पाण्याले वाचता येत नाई.’

मी सवयीने रस्त्याकडे पाहिलं. ट्रकही जात नव्हता.

त्यांच्यामागे गावातली सात-आठ माणसं फावडी, सब्बल घेऊन उभी होती. मला वाटलं, तोडायलाच आली. पण कुणी हात लावीना. मी म्हटलं, ‘फोडा मग, थांबलात काऊन?’

‘दुसऱ्याच्या धुऱ्याले आपण हात नाई लावत,’ त्या म्हणाल्या. ‘पयला घाव मालकाचा. मंग आमी हावोच.’

म्हणजे धान वाळला असता, पण माझी भिंत त्यांनी फोडली नसती. हा नियमही कुठे लिहिलेला नाही. मी सब्बल घेतली. पहिला घाव सिमेंटवरून उडाला आणि मी मागे चिखलात बसलो. सगळे हसले, बायको सर्वांत जास्त. भिंत बांधणारा मिस्त्री गर्दीतच होता. ‘पक्की हाये न भाऊ? मी पयलेच म्हणलं होतं, पाण्याची जागा सोडू का? तुमीच म्हणले, फट दिसली नाई पाहिजे.’ दुसरा घावही वाया गेला. तिसऱ्याला कोपरा उडाला आणि मग सगळे तुटून पडले. उन्हं कलायच्या आत पाणी पलीकडे गेलं. बाई पाण्याबरोबर चालत गेल्या, दुसऱ्या बांधीच्या टोकापर्यंत, आणि तिथून हात वर केला.

धान चांगला झाला. आज सकाळी त्यांनी नव्या तांदळाची पिशवी आणून दिली. त्याचाच भात खाऊन लिहायला बसलो आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. गेल्या आठवड्यात मला आरमोरीत एका सभेत बोलायला बोलावलं होतं. मी भिंतीची गोष्ट सांगितली. म्हणालो, मित्रहो, मी घर बांधायला घेतलं तेव्हा सर्वांत आधी पाण्याला वाट सोडली. सभा खूश झाली. तिसऱ्या रांगेत त्या बाई बसल्या होत्या. पहिली टाळी त्यांनीच वाजवली. बाहेर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘लय मस्त सांगता भाऊ,’ आणि पदर तोंडाला लावून हसत निघून गेल्या.

पुढच्या महिन्यात घुग्घुसला सभा आहे, गुरुजी. तिथेही मी ही गोष्ट अशीच सांगणार आहे.