गिरणी बंद असेतोवर

शेवरवाडी, ता. घनसावंगी
रविवार, १९ डिसेंबर २००४

प्रिय निजामोद्दीन यास,

सलाम आणि रामराम दोन्ही धाडतो आहे. पोस्टखात्याच्या हातून जो शाबूत पोचेल तो तुझा. आम्ही इकडे खुशाल. खैरुनभाभींना नमस्कार सांग, आणि त्या अजून तुझ्याबरोबर राहतात याबद्दल माझं आश्चर्यही कळव.

आत्ताच तुझा फोन वाजून थांबला. रविवारचे अकरा, म्हणजे तूच. गेले दोन महिने तो वाजतो आणि तुझी वहिनी, गोजर, उचलून सांगते, "ते मळ्यात गेलेत." मी समोर पाटावर बसलेला असतो. इतका वेळ खरंच मळ्यात घालवला असता तर एव्हाना बागायतदार झालो असतो. रागावलो वगैरे नाही. तुझ्यावर रागवावं एवढी तुझी लायकी नाही, हे मी अंबडच्या शाळेपासून सांगत आलो आहे. घसा जरा धरलाय, आणि फोनवर बोलायचा कंटाळा आलाय. बस.

मुद्द्याचं लिहितो. शहाऐंशी साली सरकारने आपल्या शाळेत धाडलेला तो कॉम्प्युटर आठवतो ना? टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवरून प्रोग्राम भरायचा. तू विज्ञानाचा मास्तर, मी मराठीचा. ट्रेनिंगला आपल्यालाच पाठवलं, कारण बाकीच्यांनी आजारपणाच्या रजा टाकल्या होत्या. त्यातून तू पुण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीचा सुभेदार झालास आणि मी वेलांट्या तपासत राहिलो. शाळेने ते यंत्र भंगारात काढलं तेव्हा मी चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन जीपमधून आणलं. शेजारच्या बाईने विचारलं, "गुरुजी, किती दिवसांचं हाय?"

ते अजून चालू आहे. अक्षरं थरथरतात, पण या वयात कुणाची थरथरत नाहीत?

गावात मोबाइलला रेंज नाही आणि खांबावरची तार चोरांनी नेली. तेव्हापासून टेलिफोनखात्याने बिनतारी फोन दिलाय, छपरावर काठीला अँटेना. त्याच्या पाठीला कॉम्प्युटर जोडायचं भोक आहे. तूच उन्हाळ्यात हसत म्हणाला होतास, "धर्मा, तुझं डबडं त्या फोनला जोड, आमच्या कॉलेजच्या मशीनला नंबर लाव, की तिथून इंटरनेटात आलास. चित्रं न्हाई दिसायची, पण अक्षरं दिसतील. वरच्या अर्ध्या पडद्यावर तुझं, खालच्या अर्ध्यावर माझं, टाइप होईल तसं." तेव्हा मी तुला येडा म्हणालो होतो. तो शब्द परत घेतो. बाकीचे राहू देत.

घनसावंगीच्या टीव्हीदुरुस्तीवाल्याकडून वायर डागून आणली आहे. घनसावंगीत इंटरनेटचं दुकानही झालंय म्हणा, पण तिथे मागे पोरं उभी राहून वाचतात, आणि तुला शिव्या द्यायला मला एकांत लागतो.

अडचण तातेरावची आहे. समोर त्याची पिठाची गिरणी. सकाळी लाईट आली की बाया डबे घेऊन उभ्याच असतात, आणि तातेराव गिरणी सोडतो. गिरणी फिरली की आमचा बल्ब पिवळा पडतो आणि कॉम्प्युटर सगळं विसरतो. टेप पुन्हा पहिल्यापासून. एरवी मी ओट्यावरून दोन शब्द सुनावले असते की गिरणीच काय, तातेरावही बंद पडला असता. पण सध्या मी कुणाला काही सुनावत नाही.

का, ते ऐक आणि हस. गावाचा समज झालाय की मी मौन धरलंय. ज्याच्या जिभेला गाव टरकायचं तो दोन महिने गप्प, म्हणजे नक्कीच साधना! आधी म्हातारी साळूबाई उंबऱ्यावर नारळ ठेवून गेली. मग रीघ लागली. मागच्या आठवड्यात एक जण म्हैस दूध देईना म्हणून विचारायला आला. मी पंजा हलवून 'जा बाबा' केलं. त्याने पाच बोटं मोजली, आणि पाचव्या दिवशी म्हैस पान्हावली. आता काय करशील? मी खुलासा केला नाही. घरात रोज खोबऱ्याची चटणी आहे. गोजरला मात्र ती गोड लागत नाही.

तर तुझ्या मशीनवर माझं खातं उघड. नाव आणि परवलीचा शब्द कळव. जल्दी कर. संक्रांतीच्या आत हवं. कारण विचारू नकोस.

तुझा, तूर्त महाराज,
धर्मराज


शेवरवाडी
रविवार, १६ जानेवारी २००५

निजाम,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, तंबी! "फोन उठाव. आवाज सुनू दे, मंग नाव देतो. नखरे बिलकुल न्हाई." तुझ्या जागी मी हेच लिहिलं असतं, वर दोन अपमान घालून. पण ही अट पुरी व्हायची नाही. आवाज असता तर नाव मागितलं नसतं.

मला सरळ लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तरी लिहितो. घशात गाठ आहे, आवाज जिथून निघतो तिथेच. दिवाळीआधी औरंगाबादच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. आता ते सगळंच काढणार. मानेला भोक पाडतील, त्यातून श्वास. सध्या गंजल्या बिजागरीसारखा आवाज येतो. पुढे तोही नाही. फोन उचलला असता तर तू नेहमीसारखं "क्या रे नालायक" म्हणाला असतास, मी कुरकुरलो असतो, आणि पलीकडे तू गप्प झाला असतास. तुझं ते गप्प होणं मला ऐकवलं नसतं. म्हणून मळ्यात गेलो होतो.

डॉक्टरांना कागदावर विचारलं, मी बोलणार कसा? म्हणाले, "लिहा की, तुम्ही तर लेखक." हुशार माणूस. पण पत्राला बोलणं म्हणत नाहीत रे. टोमणा चार दिवसांनी पोचला की त्याचं निवेदन होतं. आपल्याला तिथल्या तिथे उलट उत्तर देणारा माणूस पलीकडे लागतो, आणि मला तो जन्मात एकच मिळाला. त्या डबड्याचा नाद मी का घेतला ते आता कळलं असेल. रात्रीची झोप गेली आहे. मरणाचं भय नाही असं शहाणे लोक लिहितात, मला आहे. पण जिवंत राहून घरात नुसती मान हलवत बसायचं, त्याचं जास्त आहे.

शुक्रवारी संक्रांत झाली. बाया तीळगूळ घेऊन येत, "गोड बोला" म्हणत आणि मग जीभ चावत. तातेरावही आला. ओट्यावर ऐसपैस बसला. वीस वर्षांचं उट्टं होतं, आवाजात नुसता मध.

"घ्या महाराज, गोड बोला. बोलतच न्हाई म्हणल्यावर कडू तरी कसं बोलताल?"

बाया हसल्या. मीही हसलो. वाक्य बरं होतं, माझ्याकडून उलट उत्तर मिळावं असं. तेवढ्यात लाईट आली आणि तो गिरणी सोडायला उठला. गोजर तीळगुळाचं ताट खाली ठेवून त्याच्या आडवी उभी राहिली.

"तातेराव, गिरणी लावू नका."

"का वो वहिनी? मौन सुटायचंय का महाराजांचं?"

"मौन न्हाई धरलेलं त्यांनी. गळ्यात गाठ हाय. आपरेशनची तारीख दोनदा चुकवलीय. ते डबडं बोललं तरच जाईन म्हणतेत. मी पाया पडून पाया पडून थकले. आता आधी ते डबडं तर बोलू द्या!"

हे मी तुला लिहिणार नव्हतो. तारखेचं. आता तिनेच गावभर केलं, म्हणून लिहितो.

वीस वर्षं तातेरावने ज्या संधीची वाट बघितली ती समोर होती, मी निःशस्त्र होतो, आणि त्याने ती सोडून दिली. असल्या संधी वाया घालवतो म्हणूनच मी त्याला बैल म्हणायचो. तो गिरणीत गेला, मोठं बटण खाली ओढलं आणि पायरीवर येऊन बसला. बाया आपापल्या डब्यांवर बसल्या. साळूबाईने कोंबडीसुद्धा हाकलली, जणू तीच लाईट ओढत होती.

टेप किंचाळली. बल्ब पांढरा राहिला. प्रोग्राम भरला. मी नंबर लावला. फोनने थोडा विचार केला आणि टीव्हीवर, शहाऐंशी सालच्या त्या थरथरत्या अक्षरांत, तुझ्या कॉलेजचं नाव उमटलं. निजाम, ते पोचलं! छपरावरच्या काठीवरून पुण्यात! नावाखाली एक शब्द आणि पुढे लुकलुकणारा चौकोन.

गोजर मागून म्हणाली, "काय म्हणतंय?"

मी पाटीवर लिहिलं : 'कोण आहे, विचारतंय.'

"मंग सांगा की!"

मी इंग्रजी अक्षरांत 'धर्मराज' टाइप केलं. चूक, म्हणालं. आडनाव लावून केलं. चूक. मग तुझं नाव टाकलं, मग भाभींचं, मग रागारागात ती शिवी, जिने तू फोन सुरू करतोस. सगळं चूक. शेवटी मशीनने लाईन तोडली. एवढी माणसं माझ्यासाठी गप्प बसलेली मी पहिल्यांदा बघितली. माझं वाचन असायचं तेव्हाही बसत नसत.

तातेरावने पायरीवरून विचारलं, "झालं का गुरुजी?"

महाराज नाही, गुरुजी. मी 'नाही' म्हणून मान हलवली.

"मंग पुन्यांदा लावू. सांगा कधी बंद ठेवायची ती."

येत्या रविवारी, तेवीस तारखेला, अकरा वाजता तो गिरणी बंद ठेवणार आहे. सोमवारी औरंगाबादला भरती व्हायचं आहे, मंगळवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी निरोप धाडलाय की आता चौथी तारीख मिळणार नाही. गोजरने पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. ती उचलीन का, मला खरंच माहीत नाही. तुला एवढं खरं याआधी कधी लिहिलं नव्हतं, सवय नाही.

शुक्रवारी तुमची ईद. मुबारक. शनिवारच्या आत माझं खातं उघड. नाव आणि परवलीचा शब्द गोजरला फोनवर सांग, तिला अक्षरं नीट लिहून घेता येतात. तिच्यापाशी रडू नकोस. ते सगळं रविवारी पडद्याच्या खालच्या अर्ध्यावर टाइप कर, म्हणजे वरच्या अर्ध्यावरून मला तुझी टर उडवता येईल. मशीनसमोर स्वतः बस, कुणा पोराला बसवू नकोस. आणि सुरुवात त्या शिवीनेच कर. कीव केलीस तर मी लाईन तोडीन.

गिरणी फार वेळ बंद ठेवता येत नाही. बायांना भाकरी करायच्या असतात.

मी तुझ्या दाराशी उभा आहे. हाक मारता येत नाही, म्हणून कडी वाजवतोय.

उघड.

धर्मराज