सीडीत रत्नपाल कुठे?

चोरखमारा,
९ नोव्हेंबर २००३

चि. रत्नपाल यास बाबांचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझी सीडी पोचली. तुझ्या बहिणीने, साक्षीने टीव्हीला प्लेअर जोडला, तुझ्या आईने शेजारणी गोळा केल्या. पियानो ऐकला, ड्रम ऐकला, त्या सॅक्सोफोनवाल्याने तर जीव ओतला आहे. पण तू कुठे आहेस? कव्हरवर माणसाएवढं ते तारांचं वाद्य, तुझा बास, धरून तूच उभा, आणि आत तुझा पत्ता नाही. शेजारणी चहा पिऊन निघून गेल्या. आई तेव्हापासून म्हणून राहिली आहे की पोराले फसवलं, फोटो तेवढा घेतला अन् वाजवणं काढून टाकलं.

रेल्वेची नोकरी सोडून तू या जॅझमध्ये पडलास, तेव्हा मी कमी बोललो नाही. पण माझ्या पोराचं वाजवणं कोणी गाळलं असेल तर मला खपणार नाही. खरं ते कळव, मी पुण्याला येतो.

रागावला तरी बाप तुझाच आहे.
भोजराज

पुणे,
१७ नोव्हेंबर २००३

ती. बाबा आणि आई यांना सा. जय भीम.

पत्र वाचून आधी हसलो, मग वाईट वाटलं. तुमच्या कानावर पडावी म्हणून तर पहिली सीडी घरी धाडली. बाबा, कोणी गाळलं नाही. आम्ही चौघे एकाच खोलीत एकत्र वाजवत होतो. बासचा सूर फार खालचा असतो, टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून तो निघतच नाही. बकारामकाकांचे लग्नात लावायचे मोठे स्पीकर-बॉक्स लग्नसराईपर्यंत पडूनच असतील, त्यांवर लावून बघा. तिसरी धून नीट ऐका. त्यात काय आहे ते मी सांगणार नाही.

शेजारणींना पुन्हा बोलवा, चहा माझ्या नावाने. माया पातळ होऊ देऊ नका.
आपला रत्नपाल

चोरखमारा,
२५ नोव्हेंबर २००३

चि. रत्नपाल यास सप्रेम जय भीम. वि. वि.

बकाराम आधी कुरकुरला, की गाणं नाही, नाचणं नाही, बॉक्स कायले काढू. तरी अंगणात मांडले. पहिल्याच सुराला फळीवरची ताटं थरथरली, आणि तुझी आई ओरडलीच की आला माझा पोरगा! शेजारणींकडे तिने असं पाहिलं, की विचारू नकोस.

तिसरी धून लागली आणि मी खाटेवरून उठलो. भीमगीतांच्या मंडळात मी ढोलकीवर धरायचो तो ठेका तू तारांवर धरला आहेस. तू तेव्हा माझ्या मांडीशी सतरंजीवर पडलेला असायचास. मला वाटे, झोपलास.

धून पुन्हा लावायला सांगितली. बकारामला म्हटलं, वरचे सूर सगळे कमी कर. पियानोवाल्याने माफ करावं. फक्त पोरगा राहू दे.

नोकरीचा विषय आता माझ्याकडून संपला. सवड काढून ये, ढोलकीला नव्या कातड्याची पुडी चढवून ठेवतो. आईबापावर जीव असू दे.
भोजराज