जनूभावजींच्या गाडीचा कॉम्प्युटर

१० ऑगस्ट १९९९

परत बंद पडली! वडखळ नाक्याच्या अलीकडे, भर रस्त्यात. आणि या खेपेला मागच्या सीटवर गणपतीची मूर्ती! हमरापूरहून गिऱ्हाइकाकडे पोचवायला निघालेली.

सरूचा फोन आला धरमतरहून. माझी धाकटी बहीण, वैशाखात लग्न झालेली, आणि फोनवर नुसती मुसमुसत होती. सून आणि गाडी एकाच आठवड्यात घरात आली, तेच नडलंय. तिच्या नवऱ्याची, जनूभावजींची आत्या, बायजाबाई, ओटीवर बसून सगळ्यांना ऐकवतेय — "देव आत बसलेला नि गाडी थांबली! हिचा पायगुणच वाईट. राखीला माहेरी जाईल ना, तिकडंच ऱ्हाऊ दे तिला."

"आणि सासूबाई?" मी विचारलं.

"त्या काय बोलतच नाय रे दादा. नुसत्या बघतात."

काशीबाईंचं ते बघणं मला लग्नातच कळलंय. सगळा जन्म मिठागरात गेला बाईचा. भीतीच वाटते मला त्यांची. भावजींना सांगितलं, गाडी रोह्याला माझ्या गॅरेजला आणा. राखीच्या आत ती बरी करून देतो. बोलून तर बसलो.

११ ऑगस्ट

आज ग्रहण. ढगांमुळे काही दिसलं नाही. आई म्हणाली, आज कुठल्या गाडीला हात लावू नको. लावला.

१२ ऑगस्ट

भावजी गाडी घेऊन आले. ऊन पडल्यावर आपोआप चालू झाली म्हणे! माझ्या दारात उभी राहून अशी गुरगुरत होती की जसं काही झालंच नाही. प्लग बघितले, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप उतरवून परत चढवला. सगळं ठणठणीत. जीप, टेम्पो, जुन्या गाड्या मी डोळे मिटून खोलतो. पण हिला कार्ब्युरेटरच नाही, कॉम्प्युटर आहे. कुठून सुरुवात करायची तेच कळेना. पाना फेकून दिला. मग शोधत बसलो.

भावजी गरीब माणूस. जाताना म्हणाले, "मला काय तसलं वाटत नाय हो. पण आत्या रोज बोलते. घर हाय, कान बंद करता येत नाय." एसटीनं परत गेले.

१४ ऑगस्ट

पिंकीला सुट्टी होती. बायको म्हणून नाही सांगत, पण काय डोकं आहे! धाटावच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात आहे, मोठमोठी पॅनल दुरुस्त करते. इतके दिवस तिला विचारलं का नाही मी? गाढव!

गाडीला हातसुद्धा लावला नाही तिनं. आधी प्रश्न. कधी बंद पडते? पावसाळी सकाळी. चालू कधी होते? ऊन पडलं की. "मग अहो, शेडमध्ये कशाला ठेवलीत? ओल्यात ठेवा रात्रभर. दुखणं दिसल्याशिवाय औषध कसलं देताय?"

१५ ऑगस्ट

सकाळी चालू होईना! गाडी बंद पडली म्हणून आनंदानं ओरडणारा मी पहिलाच मेकॅनिक असेन.

स्पार्क नाही. पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरची टिकटिक पण नाही. पिंकी म्हणाली, "दोन्ही कामगार एकदम घरी बसले, म्हणजे गडबड सुपरवायझरची." सुपरवायझर म्हणजे तो कॉम्प्युटर. पण त्याच्यावर लगेच आळ घेऊ देईना. आधी त्याला करंट पोचतो का, अर्थिंग मिळतं का, ते बघायचं म्हणे. मी सवयीप्रमाणे बल्बाची वायर घेऊन घुसलो, तर हातावर चापटी! "बल्ब नको! जास्त ओढेल, आतलं जळेल. मीटर लावा." करंट येत होता. अर्थिंग चोख. हुकूम मात्र बाहेर पडत नव्हता. गॅरेजमध्ये मी सगळ्यांवर खेकसतो आणि तिच्यापुढे मुकाट मीटर धरून उभा! मजा वाटली, खोटं कशाला बोलू?

मग डॅशबोर्डचा डावा कप्पा उतरवला. मागे कॉम्प्युटरचा डबा. आणि डब्यावर एक पुरचुंडी.

कापडात मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. नजर लागू नये म्हणून बांधतात तशी. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं, ते थेंब थेंब डब्यात उतरलं. पिना हिरव्या पडलेल्या. ऊन पडलं की सुकायचं, गाडी चालायची. ढग आले की परत बंद. पिंकी म्हणाली, "सापडलं!"

मी पुरचुंडी हातात घेतली. पिवळ्या ठिपक्यांचं कापड. सरूच्या लहानपणीच्या परकराचं.

१६ ऑगस्ट

आईला विचारलं. लगेच कबूल! लग्नानंतर दोघं नव्या गाडीतून जेवायला आली होती, तेव्हा ठेवली. "तू रोज गाड्या उघडतोस, मला ठाऊक हाय तिथं पोकळी असते. माझी पोर बसणार होती रे त्या जागेवर." मग दिवसभर चुलीपाशी बसून राहिली. जेवली नाही.

आता करू काय? पुरचुंडी लपवून 'पावसाचं पाणी शिरलं' म्हणावं, तर बायजाबाई विचारणार, आमच्याच गाडीत कसं शिरलं? पायगुण आहे तिथंच राहणार. दाखवावी, तर म्हणणार — पोरीच्या आईनं करणी केली! मग सरूला कोण ठेवून घेईल त्या घरात?

१८ ऑगस्ट

पनवेलला अपघाती गाड्या मोडणाऱ्याकडे तसाच डबा मिळाला. पिंकीनं बजावलं होतं, लेबलावरचं अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, दिसायला सारखा म्हणून उचलू नका. एक मी उचललाच होता. शेवटचं अक्षर वेगळं! ठेवला परत.

२० ऑगस्ट

काल बॅटरीची वायर काढून डबा बदलला. त्याआधी पिंकीनं सॉकेटची एकेक पिन ब्रशनं घासली, स्प्रे मारला, वाळवली. मला घाई झालेली. ती म्हणाली, "मीठ आत राहिलं तर नवा डबापण खाईल." किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला, विझला, इंजिन चालू! रात्रभर पावसात उभी ठेवली होती तरी आज सकाळी एका फटक्यात चालू. पिंकीला म्हटलं, तू नोकरी सोड, गॅरेज तुझ्या नावानं करतो. म्हणाली, "आधी चहा करा."

२२ ऑगस्ट

धरमतरला गाडी पोचवली. पुरचुंडी खिशात. काय बोलायचं ते वडखळपर्यंत ठरत नव्हतं.

सगळे ओटीवर. बायजाबाईंनी सुरुवात केलीच — "आज चालली. उद्या?" काशीबाई सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "काय निघालं रं? नीट सांग." त्या डोळ्यांपुढे मला खोटं बोलता येईना. पुरचुंडी काढून समोर ठेवली. म्हटलं, मावशी, हिच्यातल्या मिठानं कॉम्प्युटर खाल्ला. सरू दारात होती. कापड बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

बायजाबाई ओरडल्या, "करणी! ही कोनी ठेवली?"

काशीबाईंनी गाठ सोडली. उरलेलं मीठ चिमटीत घेऊन चोळलं. एकदा सरूकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाल्या, "मीच ठेवलेली. नवी गाडी, नवी सून. नजर लागंल म्हनून. करणी कसली? माझीच चूक. आता ह्या पोरीच्या पायगुणाचं नाव कोनी काढलंन, तर माझ्याशी गाठ हाय." बायजाबाई उठून आत गेल्या. मग काशीबाई सरूला म्हणाल्या, "जा गो, भावाला पानी दे."

मी आ वासून बसलो. ही पुरचुंडी आईची, आणि बाई म्हणतात माझी? त्यांनीही कुठेतरी अशीच ठेवली असणार, तीच ही असं वाटलं त्यांना. कापड पण जुनं, ओळखायचं कोणी? देवानं सोडवलं. आईला सांगितलं तेव्हा कुठे ती पोटभर जेवली.

२६ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सरू आली, राखी बांधली. संध्याकाळी भावजी तिला न्यायला आले, भर पावसात, त्याच गाडीतून.

निघताना तिनं आईच्या हातात एक पिशवी दिली. आत जाड, टपोरं खडेमीठ. सासूबाईंचा निरोप — "विहीणबाईंना सांग, आमच्या आगराचा खडा असा असतो. पुरचुंडीतलं बारीक होतं, दुकानातलं. पोरीची नजर काढायची तर ह्यानं काढा. गाडीत तेवढं ठेवू नका."