घरचं तिखट

बाबा, मला तुमची किळस येते. हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं. तेव्हा मी फक्त कमी बोलत गेले, आणि तुम्हाला वाटलं पोरगी शिकली म्हणून शिष्ट झाली.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. घरी पाहुणे आलेत आणि आईनं मला सावनेरच्या आपल्या चक्कीवर तिखट आणायला पाठवलंय. समोरच्या परातीतल्या लालभडक ढिगातून मी वाटी भरते, तोच तुम्ही धावत येता, वाटी हिसकावता. "त्यातलं नोको नेऊ! ते इकाचं हाये." मागच्या खोलीतल्या डब्यातलं विटकरी रंगाचं तिखट तुम्ही मला देता. "काहून बाबा? हे तर लाल नाही." तुम्ही हळूच हसता. "लोकं डोळ्यानं खातात पोरी. आपन तोंडानं खाऊ." बाहेर माझ्या मैत्रिणीची आई पिशवी घेऊन उभी होती. तिला तुम्ही परातीतलं अर्धा किलो दिलंत, वर मूठभर जास्तीचं, मोठ्या मनानं. दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणीच्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीचा रंग माझ्या बोटांना लागला, तो साबणानंही निघेना.

आता नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मी तुमच्यासारख्यांनाच पकडते. बोटाएवढी पट्टी असते. तिखटाच्या अर्काचा थेंब तिच्यावर टाकायचा, अगदी थोडा विद्युतदाब द्यायचा. बुटाच्या पॉलिशमध्ये घालतात तो बंदी असलेला लाल रंग तिखटात असला, तर प्रवाह उसळतो आणि पडद्यावर उंचवटा उमटतो. मात्र आधी पट्टीला शुद्ध तिखट दाखवावं लागतं. त्याचा आलेख शून्य धरायचा आणि बाकीचे नमुने त्याच्याशी ताडायचे. शुद्ध म्हणून मी आपल्या घरचा डबा घेतला. चक्की आता भाऊ चालवतो, दर उन्हाळ्यात मला डबा पाठवतो.

दोन महिने बाजारातला एकेक नमुना निर्दोष निघत होता. मला नवल वाटलं, तरी मी सह्या करत गेले. मग माझ्या सहकारी बाईंनी उमरेडहून, स्वतःच्या आईच्या शेतातल्या मिरच्या आणून मिक्सरमध्ये दळल्या. पडद्याकडे पाहून त्या हसायला लागल्या. "मॅडम, माझ्या आईचं तिखट शून्याच्याही खाली जाऊन राहिलं! एवढं शुद्ध तर देवाघरी बी नसन. आपलं शून्य कुठून आणलं हो?"

मी व्हरांड्यात जाऊन भावाला फोन केला. "घरच्या तिखटातही रंग घालतोस?"

"आता येगळं कोन काढते, ताई? आमी बी तेच खातो, लेकरं बी तेच खातात. काऊन, काई झालं का?"

तो मूर्ख आहे, बाबा. तुम्ही मूर्ख नव्हता. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, म्हणून तर माझ्या हातातली वाटी हिसकावलीत. आणि मी? कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलीनंही शून्य आधी तपासून घेतलं असतं. मी नाही तपासलं, कारण ते घरचं होतं. आयुष्यभर तुम्हाला तुच्छ लेखलं आणि डोळे मिटून विश्वास ठेवला तो तुमच्याच डब्यावर.

आज मी चूक कबूल केली, सगळे अहवाल परत मागवले. त्यासाठी भरलेल्या अर्जात एक रकाना होता: शुद्ध म्हणून वापरलेला नमुना कुठला? चक्कीचं नाव लिहिलं असतं तर उद्याच तिथे तपासणीची माणसं पोहोचली असती. मी 'बाजारातला' असं लिहिलं.

मग भावाला पुन्हा फोन केला. रंग बंद कर, असं सांगणार होते. तो धंद्याचं रडगाणं गाऊ लागला. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निदान लेकरांपुरतं तरी वेगळं काढत जा."