डोक्यावर घड नसताना

पोर्तो आलेग्रे, साओ तोमे बेट

आई,

आधी आशीर्वाद दे. उपचारांनी मान आता कशी आहे? लिस्बनची थंडी सोसते ना? इथली काळजी नको, बाबा वेळेवर जेवतात.

आज मी फिरायला आलेल्या परदेशी पाहुण्यांना आपल्या रानातल्या वाटेने समुद्रावर नेत होते. उतारावरच्या वळणावर त्यातली एक बाई किंचाळली. मी कोयताच उगारला.

“काळा साप? कुठंय?”

“साप कसला! तिकडे बघ!”

डावीकडे बघितलं आणि मी कोयता खाली घेतला. तिथून अख्खी खाडी दिसते गं!

वीस वर्षं आपण केळीचे घड डोक्यावर घेऊन तिथून गेलो, मान कधी वळवताच आली नाही. बाबा समुद्रावरून परतले की नाही, म्हणून घरी पोचेपर्यंत तुझा जीव टांगणीला.

आई, बाबांची होडी दिसली. शिडाला तू लावलेलं निळं ठिगळसुद्धा दिसलं.

तुझीच,
इदालिना