ओवीचं नाव कुणी सुचवलं

जबल अली,
शुक्रवार, १६ ऑगस्ट २०१९

प्रिय सिद्धांत,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो की इथे सगळे ठणठणीत आहेत. तुझ्या आईचं बीपी ताब्यात आहे. माझी शुगर माझ्या ताब्यात नाही, पण ती जुनी गोष्ट झाली. आणि पर्णीताईला मुलगी झाली आहे. तू मामा झालास! बारसं शारजाला तिच्या घरीच केलं. नाव ठेवलं ओवी. ते नाव कुणी सुचवलं हे पुढे सांगतो. पोरीचा आवाज काय वर्णावा! सगळा जन्म एसीच्या धंद्यात गेला माझा, पण एवढ्याशा युनिटमधून एवढा आवाज आजवर ऐकलेला नाही.

मी पत्र लिहिणार म्हटल्यावर तुझी आई हसत सुटली. "लग्न ठरल्यावर मला दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि आता? कोटेशन सोडून काही लिहिता येतं का हो तुम्हाला?" मग वर्कशॉपच्या ऑफिसात येऊन बसलो. शुक्रवार असल्यामुळे मशिनं बंद आहेत. काचेतून तुझी बॅटिंगची जाळी दिसते. आपला जुना कारागीर दत्ताराम तिच्यात काही ठेवू देत नाही कुणाला. परवा नव्या पोरांनी डक्टचे तुकडे रचले होते आत, तर त्यांच्यावर असा ओरडला की मी फोन ठेवून बाहेर आलो. "यल्ला, उचला! ती आमच्या सिधूची जागा आसा." अजूनही तो नव्या माणसाला सांगतो, "आमचो सिधू विकेटकीपर आसा, फक्त बसान खेळता."

त्याचं बरोबरच आहे म्हणा. तुला बसायला शिकवलं त्यानेच. आठवतं? शाळेतल्या अमेरिकन पोरांबरोबर तू पहिल्यांदा बेसबॉलला गेलास आणि घरी येऊन तोंड पाडून म्हणालास, "Baba, nobody wants to be catcher, so they gave it to me." त्या गोऱ्या पोरांना उकिडवं बसता येत नव्हतं. दोन बॉल झेलले की गुडघे धरून उभी राहायची. तू मात्र सुट्टीत वर्कशॉपमध्ये पत्रा कापणाऱ्या आपल्या माणसांशेजारी तासन् तास उकिडवा बसलेला पोरगा. कोच हॅन्लीने मला विचारलं, "याला असं बसायला कुठल्या अकॅडमीत शिकवलं?" मी म्हटलं, "अल कूझमध्ये, सर. आमच्या जुन्या शेडमध्ये." आणि तो मिट, कॅचरचा हातमोजा, घ्यायला गेलो तेव्हाची तुझी आई! "साडेतीनशे दिरहम? म्हणजे चार हजार दोनशे रुपये! आणि तोही एकाच हाताचा?" दुकानातला तो मल्याळी पोरगा आपलं मराठी कळत नसूनही हसला होता.

ही जाळी मात्र मंदीने दिली आपल्याला. तू तेव्हा पंधरा वर्षांचा. बाहेर सगळं जोरात होतं. क्रेन फिरत होत्या, टॉवरचं बुकिंग घ्यायला लोक रांगा लावत होते. मी ज्या मोठ्या साइटवर डक्टिंग करत होतो तिथला प्रोजेक्ट मॅनेजर आम्हाला नेहमी शिव्या देऊन बोलवायचा. दोन हजार आठच्या ऑक्टोबरात एक दिवस तो हळू आवाजात म्हणाला, "राजाभाई, बैठिये. चाय लेंगे? नो प्रॉब्लेम, सब ठीक है." पुढच्या मीटिंगलाही तेच, नो प्रॉब्लेम. तिसऱ्यांदा तो नो प्रॉब्लेम म्हणाला तेव्हा मी काही विचारलेलंच नव्हतं. त्याच दिवशी मी माझी माणसं साइटवरून उतरवली आणि पत्र्याची ऑर्डर थांबवली. लोक मला येड्यात काढत होते. नवीन वर्षात ती साइट खलास झाली आणि तो मॅनेजर, कुणाला न सांगता, विमानतळावर गाडी सोडून गेला. मला अर्थशास्त्र कळत नाही रे. पण चौदा वर्षं मी बिघडलेल्या कॉम्प्रेसरला स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून आतलं ऐकत आलो होतो. मशीन बंद पडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. माणसाचाही बदलतो.

आपण वाचलो, पण अर्धं वर्कशॉप रिकामं झालं. हॅन्लीची नोकरी गेली. जाताना तो मला म्हणाला, "मारणारे पुष्कळ मिळतात, कॅचरही मिळतात. पण जो कॅचर असा मारतो तो मिळत नाही. याला थांबू देऊ नका." त्या रिकाम्या जागेत दत्तारामने पाइप उभे केले, खोर फक्कानहून मासेमारीची जुनी जाळी आणून बांधली, आणि तू संध्याकाळभर मारत बसायचास. ज्यांना काम देता येत नव्हतं ती आपली माणसं भिंतीशी रांगेने बसून बघायची. अजीज ड्रायव्हर बॉल टाकायचा आणि तू जाळीच्या वरून थेट मागच्या पत्र्यावर हाणलास की सगळे ओरडायचे, "सिक्सर!" त्या वर्षात आमच्याकडे दुसरं आनंद करण्यासारखं काही नव्हतं. मी आत याच खुर्चीवर बसून बघण्याऐवजी ऐकायचो. बॅटच्या मधोमध लागलेला बॉल वेगळा वाजतो. मला न बघता कळायचं, हा गेला.

मग तुझं अमेरिकेत कॉलेज झालं, मग खालच्या लीगचा करार, मग बसचे प्रवास आणि एकेक पायरी वर. इथे पहाटे फजरच्या अजानच्या सुमारास तुझी मॅच रंगात आलेली असते. मी चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसतो. तो अनाउन्सर 'सिड पॅरालेकर' म्हणतो तेव्हा तुझी आई स्वयंपाकघरातून दुरुस्त करते, "परुळेकर! परुळेकर म्हण मेल्या!" मागच्या मोसमात तू जेवढे होमरन मारलेस तेवढे तुमच्या अख्ख्या लीगमध्ये दुसऱ्या कुठल्या कॅचरने मारले नाहीत, हे मी इथल्या महाराष्ट्र मंडळात किती जणांना सांगितलं असेल! त्यातल्या निम्म्यांना होमरन म्हणजे काय ते माहीत नाही. बिचारे माझ्यासाठी "वा, वा" करतात.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

जूनमध्ये एका फलंदाजाची बॅट बॉलला नुसती चाटून गेली आणि बॉल सरळ तुझ्या मास्कवर बसला. मला तो आवाज इथे ऐकू आला. अनाउन्सर म्हणाला, "टफ किड, shakes it off." मी पत्र्यात जन्म काढलाय. नुसत्या लोखंडावर लागलं तर ते टणकन वाजतं आणि मागे घुमतं. हे घुमलं नाही. लोखंडाच्या मागे काहीतरी होतं, त्याने तो मार गिळला. त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा लागला, आणि जुलैत आणखी एकदा. त्या जुलैच्या मॅचनंतर तू बॉल टाकणाऱ्या पिचरला बोटांच्या खुणेने एक बॉल मागायचास आणि तो आल्यावर असा दचकायचास, जणू दुसराच मागितला होता. दोन बॉल तुझ्या हाताखालून गेले. अनाउन्सरने पिचरला दोष दिला. तो पोरगा तुझ्याजवळ आला, ग्लोव्ह तोंडावर धरून काहीतरी बोलला. तो चिडलेला नव्हता, सिद्धांत. घाबरलेला होता.

तेव्हापासून तुझ्या फोनमागचं ऐकतोय मी. तू दात घासतानाही गाणी लावणारा मुलगा, आता तुझ्या खोलीत काहीच वाजत नाही. पंखासुद्धा नाही. कॅमेरा बंद ठेवतोस. मी एकदा ग्लास जरा जोरात ठेवला तर तू "आई गं" म्हणालास आणि लगेच बॅटिंगचा विषय काढलास. ओवीचे एवढे फोटो पाठवले, एकावरही निळी खूण आली नाही. पर्णी रडली. "He's a star now, Baba. He can't even look at her."  तू बघत नाहीस ते स्क्रीनचा उजेड डोळ्यांत घुसतो म्हणून, असं मला वाटतं. चूक असेल तर खुशाल शिव्या दे मला. आणि मी "कसा आहेस?" विचारलं की तू हळू आवाजात, फार आदराने म्हणतोस, "ऑल गुड, बाबा. नो प्रॉब्लेम." गेल्या मंगळवारी तू ते तीनदा म्हणालास. तिसऱ्यांदा मी काही विचारलेलंच नव्हतं.

सप्टेंबर मला माहीत आहे. सप्टेंबरात मोठी टीम खालून माणसं वर घेते, त्यांना कॅचर हवाय आणि तुझं नाव बोललं जातंय. मागे तुमचा दुसरा कॅचर, तो एकवीस वर्षांचा पोरगा, उभा आहे आणि तू सव्वीसचा. तू तोंड उघडलंस की डॉक्टर तुझा खेळ थांबवणार, आणि त्याच आठवड्यात तो पोरगा वर जाणार. हे काय कमी आहे, असं म्हणण्याइतका मी दगड नाही. उकिडवा बसून तू पोरवय घालवलंस ते या एका महिन्यासाठी. तू वर खेळावंस असं तुला जितकं वाटतं त्याहून मला कणभर जास्तच वाटतं. दत्तारामने तर मोठ्या स्क्रीनचा टीव्ही कुठे लावायचा तेही ठरवलंय. पण आतून आवाज बदललेलं मशीन मी कधी कुणाला चालवू दिलेलं नाही. गिऱ्हाईक कितीही गयावया करो, उन्हाळा कितीही असो, मी मेन स्विच खाली ओढलाय. महिनाभराने पुन्हा खेळशील की मागे बसणं कायमचं सुटेल, मला सांगता येत नाही. ते डॉक्टर सांगतील. त्यांना खरं सांगितलंस तर सांगतील. मी इथून तुझ्या मॅनेजरला फोन लावू शकलो असतो. नंबर काढून ठेवलाय. पण तू तुझ्या तोंडाने सांगावंस असं मला वाटतं, म्हणून कुरियरने पत्र आधी आणि मी मागून. पुढच्या शुक्रवारी मी तुझ्या दारात असेन. तोवर तू बोलला नसशील तर मी बोलेन, आणि मग तू माझ्यावर आयुष्यभर रागाव, मला चालेल. आईला एवढंच सांगितलंय की मशिनच्या कामाने अमेरिकेला जातोय. हेही खोटं नाही.

आता नावाचं. पर्णीला मुलगी झाली त्याच दिवशी मी तुला फोन केला होता. तू इतका खूश झालास की ओरडलास, आणि लगेच कण्हलास. मग म्हणालास, "बाबा, नाव छोटं ठेवा, अनाउन्सरला बोलता येईल असं. ओवी ठेवा. माझ्या नावाचे हाल झाले तसे तिचे नकोत." आम्ही तेच ठेवलं. बारशानंतर पुन्हा फोन केला, तर तू मामा झाल्याचं ऐकून तितकाच खूश झालास, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. मंगळवारी परत सांगितलं. परत तोच आनंद. "ओवी? वा! अनाउन्सरलासुद्धा बोलता येईल! कुणी सुचवलं, बाबा?"  लाइन तुटल्याचं नाटक करून फोन ठेवला. फोनवर सांगितलेलं तुझ्याजवळ राहत नाहीये, आणि स्क्रीनवर लिहिलेलं तू वाचत नाहीस, म्हणून हा कागद. ओवीचा फोटो सोबत ठेवलाय, कागदावर छापून. नाव तू सुचवलंस, सिद्धांत. आता एक कर. पेन घे, हा कागद उलटा कर आणि मागे आजची तारीख लिही. तिथे तुझ्या अक्षरात आधीच एखादी तारीख लिहिलेली दिसली, तर मैदानावर जाऊ नकोस. बॅग तिथेच ठेव, हे पत्र हातात घे आणि डॉक्टरच्या दारात जाऊन उभा राहा.

तुझाच, इथून कान लावून बसलेला,
बाबा