विजूच्या लग्नातला फ्लॅश

श्रीगोंदा,
११ मार्च १९७३

प्रिय कानिफ,

तुझं दुसरं पत्र येऊन तीन आठवडे झाले. विजूच्या लग्नातला एक तरी फोटो पाठव, एवढंच तू मागितलं होतंस. 'रोल खराब निघाले' असं मी तुला आधी कळवलं होतं आणि तू ते खरं मानलंस. रोल चांगले होते. काय झालं ते आज सगळं लिहितो.

तू पलटणीत जायला निघालास त्या दिवशी तुमच्या ओसरीवर फोटो काढला होता, आठवतं? माझ्याकडे तेव्हा बल्बचा फ्लॅश होता. माणूस कॅमेऱ्यापासून किती फुटांवर आहे ते मोजायचं, बल्बच्या पाकिटावरच्या आकड्याला तेवढ्याने भाग द्यायचा आणि येईल तेवढंच भिंग उघडायचं. मी शिंप्याचा टेप घेऊन हिंडायचो आणि त्याचं दुसरं टोक विजू धरायची, आधी तुझ्या आईच्या, साळूमावशींच्या नाकाशी, मग तुझ्या. "हेमादादा, नाक धरून फोटू काडनारा तू येकलाच," म्हणून हसायची. फोटोत सगळे आले, टेप धरणारी तुझी बहीण तेवढी बाहेर राहिली. तुमच्या घरातल्या प्रत्येक फोटोचं असंच आहे, हे ती गेल्यावर माझ्या ध्यानात आलं.

गेल्या चैत्रात तिचं लग्न ठरलं, स्थळ जामखेडचं. तुला रजा मिळणार नव्हती म्हणून तू मला लिहिलंस, 'माझ्या वाटचं तू बघ.' मी पुण्याला जाऊन नवा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घ्यायचं ठरवलं. दुकानदाराने दोन पुढ्यात ठेवले. एक साधा, पाठीवर फुटांचा तक्ता असलेला. अंतर मोजा, तक्ता बघा, भिंग लावा. दुसरा ऑटोमॅटिक. त्याला पुढच्या बाजूला वाटाण्याएवढा डोळा. समोरून परतणारा उजेड तो डोळा बघतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश आपणच बंद करतो. मोजायचं काही नाही. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "लग्नाची कामं असतील तर साधाच न्या. पुढे पांढरं काही आलं की हा फसतो, मागची माणसं काळी पडतात." मी ऐकून घेतलं आणि ऑटोमॅटिक बांधून द्यायला सांगितला.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. विजूला मांडवात आणलं तेव्हा तिने मला शोधून काढलं आणि विचारलं, "आज टेप न्हाई आनला?" मी म्हणालो, "आता लागत नाही, यंत्रच मोजतं." ती "बरं हाय" म्हणाली आणि पाटाकडे गेली. मंगलाष्टकं सुरू झाली तसा मी मागे मागे सरकत गेलो. माझ्या पुढे पांढरे फेटे, पांढऱ्या बंड्या, त्यांच्यापुढे अंतरपाट. फ्लॅशच्या डोळ्याने ते सगळं पांढरं पाहिलं आणि दर वेळी उजेड विजूपर्यंत पोचायच्या आधीच बंद केला. पुढे जा, असं मला दोघातिघांनी सांगितलं. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात तिची पाठवणी होती. तिथे तर फ्लॅशही लागला नसता. रोल धुवायचेत, असं सांगून मी घरीच बसलो.

पाण्याचे यंदा काय हाल आहेत ते तुला कळतच असेल. जामखेडला टँकरचं, डबक्याचं, मिळेल ते पाणी पीत होते. पौषात तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. तुझ्या हातात तार पडली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर साळूमावशी माझ्या फोटोच्या दुकानात आल्या. मी काळं-पांढरं उठावदार करणारा कडक कागद वापरून लग्नाचे जमेल तेवढे उजळ फोटो काढून दिले होते, ते त्यांनी पदरात बांधून आणले होते. दाराशी जाऊन त्यांनी एकेक उजेडात धरला. "ही मुंडावळ हाय, ही नथ हाय. पोरगी कुटं हाय रं?" रागाने नाही, खरंच विचारत होत्या. मी म्हणालो, "मावशी, फिल्मच वाईट होती." त्यांनी फोटो पुन्हा पदरात बांधले आणि त्या गेल्या.

कानिफ, फिल्म वाईट नव्हती, आणि फ्लॅशचंही काही चुकलं नाही. साधा घेतला असता तर प्रत्येक फोटोला मला तिच्यासमोर सात-आठ फुटांवर जाऊन, तिच्या तोंडाकडे नीट बघून अंतर ठरवावं लागलं असतं. त्या दिवशी मला ते जमणार नव्हतं. का, ते तिला मी कधी सांगितलं नाही. आमच्या घरी ते चाललं नसतं, तुमच्या घरीही नसतं, आणि तू माझा मित्र. तिच्या मनात काय होतं, मला माहीत नाही.

लग्न ठरायच्या आधी तिने मास्तरणीच्या ट्रेनिंगचा अर्ज भरला होता, तेव्हा त्यासाठी मी तिचा फोटो काढला होता. अर्ज तुमच्या वडिलांनी जाऊ दिला नाही. फोटो न्यायला ती आलीच नाही आणि मी तो पेटीत ठेवून घेतला. साळूमावशी दाराशी उभ्या होत्या तेव्हाही तो माझ्या पेटीत होता. आज सकाळी तो त्यांना नेऊन दिला. त्यांनी विचारलं, "इतके दिस कुटं हुता ह्यो?" मी तसाच दुकानात परतलो. त्यांना द्यायचं उत्तर तुला लिहितो आहे. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. तुझ्यासाठी एक प्रत आणि निगेटिव्ह सोबत ठेवली आहे. माझ्याकडे आता काही नाही. तुमच्या घरी मी यापुढे यावं की नाही, तेवढं मात्र तू स्वतःच्या हाताने लिहून कळव.

तुझाच,
हेमचंद्र